वसतिगृहाचा वारसा आणि विद्यार्थ्यांचे आरोग्य

(पन्हाळा येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

पन्हाळ्यावर माणसे हवा पालटण्यासाठी येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हा गड आहे. गडाचा गौरव झाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु याच गडाच्या पायथ्याच्या आणि पलीकडच्या डोंगरकपारींतील गावांतून जी मुले-मुली रोज सकाळी एसटी पकडून महाविद्यालयात जातात, त्यांना गडाची हवा फुकट मिळते, आरोग्य मात्र मिळत नाही. हवा निसर्ग देतो. आरोग्य समाजाला घडवावे लागते.

गडावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती ही त्याची तीन धान्यकोठारे अजून उभी आहेत. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात हा गड अनेक महिने टिकला, तो केवळ तटबंदीच्या बळावर नव्हे. कोठारात धान्य होते आणि विहिरीत पाणी होते म्हणूनही टिकला. शिबंदी ठेवायची तर शिध्याची तजवीज आधी करावी लागते, एवढे व्यवहारज्ञान त्या काळच्या राज्यकर्त्यांपाशी होते. आजचे शासन खेड्यापाड्यांतील लक्षावधी तरुणांना उच्च शिक्षणाच्या गडावर पाठवते, त्यांच्या प्रवेशाचे आकडे अभिमानाने सांगते. पण त्यांनी जेवायचे कोठे, झोपायचे कोठे, आजारी पडल्यास जायचे कोठे आणि मन खचले तर बोलायचे कोणापाशी, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा असे मानते. या अभ्यासवर्गापुढे मांडावयाचा मुद्दा एवढाच आहे की, विद्यार्थ्याचे शारीरिक व मानसिक आरोग्य ही त्याची खासगी बाब नाही. तो त्याच्या शिक्षणाच्या हक्काचाच एक भाग आहे, आणि म्हणून तो राजकीय प्रश्न आहे.

ही कल्पना परकी नाही. ती या जिल्ह्याच्याच मातीतली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या आज्ञेच्या आधी वसतिगृह आले होते, याकडे लक्ष जात नाही. या क्रमात फार मोठे शहाणपण आहे. शेतकऱ्याचा मुलगा शहरात आला तर त्याला पुस्तकाइतकीच भाकरीची, छपराची आणि आपुलकीने चौकशी करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची गरज लागते, हे महाराजांनी ओळखले होते.

तोच धागा कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे नेला. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्याला छत्रपती शाहू बोर्डिंग निघाले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीला बसत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. त्याच सुमारास अमळनेरला साने गुरुजी छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडत होते, आजारी मुलाच्या उशाशी बसत होते आणि त्यांच्यासाठी स्वहस्ते दैनिक लिहून काढत होते. या तिघांपैकी कोणीही आरोग्य हा शब्द फारसा न उच्चारता विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे काम केले. आज आरोग्यावर परिसंवाद पुष्कळ होतात आणि वसतिगृहाची खोली मात्र मिळत नाही.

आता आजच्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. बाजारभोगावच्या पुढच्या एखाद्या वाडीतील मुलगी पहाटे उठते, घरचे पाणी भरते, चहा पिऊन एसटीची वाट पाहते. पहिले जेवण डब्यातले, दुपारी एक-दोन वाजता. परतीची गाडी चुकली तर घरी पोचायला अंधार पडतो. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा अशा अनेक मुलींचे महाविद्यालय जवळजवळ बंद पडले. त्या वेळी कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे होते. वास्तविक अपुऱ्या पगारात जादा पाळ्या करणारा चालक आणि उपाशीपोटी त्याच्या गाडीत उभी असलेली विद्यार्थिनी ही एकाच अनास्थेची दोन बळी आहेत.

कोल्हापुरात खोली करून राहणाऱ्या मुलाची तऱ्हा वेगळी. एका खोलीत चौघे, खानावळीचा एक डबा दोघांत, रात्री अभ्यास आणि त्याहून अधिक वेळ मोबाईल, सकाळी नाश्त्याऐवजी चहा आणि वडापाव. मग पित्त, डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, वारंवार उलटणारा सर्दी-खोकला, एकाच खोलीतील सर्वांना लागणारा नायटा, पावसाळ्यात कावीळ. यांपैकी एकही आजार असाध्य नाही, आणि जवळजवळ सर्वच टाळता येण्याजोगे आहेत. नायट्यावर औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम घेऊन चोळले जाते. त्यात स्टेरॉइड असले की खाज तेवढी थांबते आणि नायटा पसरतो. तीन आठवडे खोकला राहिला तरी थुंकीची तपासणी होत नाही. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. पण महाविद्यालय सोडून दवाखान्याच्या रांगेत उभे राहायला कोणी सांगत नाही.

येथे शासकीय व्यवस्थेतील एक मोठी विसंगती लक्षात घेतली पाहिजे. २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो. शाळेत साप्ताहिक लोहाची गोळी मिळते, ती बारावीपर्यंत. एसटीचा मोफत पास मुलींना मिळतो, तोही बारावीपर्यंत. म्हणजे १९८९ पासून या देशात अठराव्या वर्षी तरुणाला मत मिळते, आणि नेमक्या त्याच वर्षी आरोग्याची शासकीय काळजी त्याच्या हातून सुटते. नागरिक झाल्याबद्दल हा दंड म्हणावा काय?

मुलींच्या बाबतीत हा दंड दुप्पट आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. साखर आणि दूध यांचे महापूर वाहणाऱ्या राज्यात रक्त आटते आहे. रक्त कमी असले की जिना चढताना दम लागतो, दुपारी झापड येते, वाचलेले ध्यानात राहत नाही, चिडचिड होते. प्राध्यापक म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते आळशी झाली, आणि हळूहळू ती मुलगीही स्वतःला मठ्ठ समजू लागते. एका साध्या रक्ततपासणीने जे कळले असते, ते स्वभावदोष म्हणून तिच्या नावावर जमा होते.

त्यातच स्वच्छतागृहाचा प्रश्न. महाविद्यालयातील स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्यातून होतो. पाळीच्या दिवसांत पोट असह्य दुखले तरी हे बाईच्या जातीचे भोग म्हणून सोडून दिले जाते. तपासून घ्यावे, उपचार होतात, हे सांगायला कोणी नसते. आणि या सर्वांवर टांगती तलवार लग्नाची. त्याच पाहणीनुसार राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. जिला पदवीपर्यंत येता आले, तिच्याही डोक्यात प्रत्येक परीक्षेच्या वेळी हिशेब असतो की नापास झाले तर घरचे स्थळे पाहतील. अशा परीक्षेची भीती ही केवळ परीक्षेची भीती नसते.

मुलांचे दुःख वेगळ्या वाटेने जाते. कोल्हापूर ही तालमींची नगरी. १९१२ साली सिद्ध झालेले खासबाग मैदान शरीराच्या सामुदायिक जोपासनेचे प्रतीक होते. तालमीत वस्ताद असे, खुराकावर त्याची नजर असे, आणि कुस्ती हरलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवणाराही तोच असे. आज वस्तादाची जागा पुष्कळ ठिकाणी पावडरीचे डबे विकणाऱ्याने घेतली आहे. आरशात दिसणाऱ्या दंडाच्या मोहाने कोणी पारखल्याविना गोळ्या आणि इंजेक्शने घेतली जातात. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी मावा हातात सहज येतो.

आणि जी मुले खरोखर निर्व्यसनी राहून पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, त्या भरतीच्या मुलांचे काय? पन्हाळा, शाहूवाडी, कागल, चंदगड या भागांत सैन्याची भरती हा घराण्याचा मान असतो. महामारीच्या काळात सैन्याची भरती दोन वर्षे थांबली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तिच्यात नोकरी चार वर्षांची आणि पुढे कायम होण्याची संधी चौघांपैकी फार तर एकाला. नडगीची हाडे दुखेपर्यंत धावलेल्या आणि धावता धावता वय उलटून गेलेल्या मुलाने घरी कोणते तोंड दाखवायचे? तो आजारी आहे असे कोणी म्हणत नाही. तो चौकात बसून असतो, एवढेच म्हणतात.

येथून मनाच्या आजाराकडे यावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याला या आकड्याने अस्वस्थ केले पाहिजे. एखाद्या आत्महत्येचे एकच कारण सहसा नसते. आजार, कर्ज, अपयश, अपमान, एकाकीपणा यांची गाठ बसते. म्हणून परीक्षेत नापास झाल्याने जीव दिला, असा एका वाक्याचा निकाल देणे जसे उथळ, तसेच ते घातकही आहे. कारण त्यामुळे तशाच स्थितीतील दुसऱ्या मुलाला हाच मार्ग उरला आहे असे वाटू शकते.

मनाचे दुखणे बहुधा मनाचे म्हणून सांगितले जात नाही. विद्यार्थी म्हणतो, पित्त उसळते, छातीत धडधडते, डोके गच्च होते, झोप येत नाही, करमत नाही. डॉक्टर पित्ताची गोळी देतो. घरचे देवऋष्याकडे नेतात. जोतिबाच्या डोंगरावर जाऊन एखाद्याच्या मनाला धीर आला, तर त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. पण नवस हा उपचार नव्हे, आणि अंगातले काढतो म्हणून मारझोड करणाऱ्याला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, हे गावोगाव सांगितले पाहिजे. मराठीत येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी ही गावांची नावे थट्टेचे शब्द होऊन बसली, कारण तेथे मनोरुग्णालये आहेत. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा रस्ता याच गडाच्या पायथ्यावरून जातो. त्या रस्त्याने उपचारासाठी जाणे ही नाचक्की वाटते, आणि म्हणून दुखणे घरातच कोंडले जाते. देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नव्हते.

आणि जात? २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यानंतर राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांनी शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पहिल्या पिढीचा विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा त्याचे आडनाव, त्याची बोली, त्याचे इंग्रजी आणि त्याची शिष्यवृत्ती हे सर्व त्याच्या आधी वर्गात पोचलेले असते. रोजच्या त्या बारीक बोचण्यांना समुपदेशकाची गोळाबेरीज पुरी पडत नाही. तेथे समतेचाच लढा लागतो.

परंतु मित्रहो, येथेच समाजवादी चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. भांडवली विचार म्हणतो, तू कमकुवत आहेस, मन घट्ट कर, योग कर, यशस्वी लोकांची चरित्रे वाच. डावा विचार त्याला उत्तर देताना म्हणतो, दोष व्यवस्थेचा आहे, संघर्षात उतर म्हणजे नैराश्य पळेल. पहिले उत्तर खोटे आहे. दुसरे खरे असूनही अपुरे आहे. ज्याला दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, आपण घरच्यांना ओझे आहोत असे ज्याला वाटते, त्याला मोर्चात चल म्हणणे म्हणजे ताप चढलेल्याला पोहायला नेणे होय. व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. त्या मुलाला या आठवड्यात डॉक्टर हवा आहे.

ज्या साने गुरुजींनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना जगण्याची उमेद दिली, त्यांनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले. चळवळीने त्या मृत्यूवर अश्रू ढाळले, त्याला उदात्त शब्दांत गुंडाळले. पण एवढ्या माणसांच्या गराड्यात त्यांची वेदना वेदना म्हणून कोणी हाताळली का, हा प्रश्न मोकळेपणाने फार थोड्यांनी विचारला. गुरुजींच्या थोरवीला या प्रश्नाने उणेपणा येत नाही. उलट, हळवे असणे हा दुबळेपणा नव्हे आणि मन थकणे हा तत्त्वनिष्ठेतला दोष नव्हे, हे त्यांच्याच नावाने कार्यकर्त्यांना शिकवता येते. आज कार्यकर्त्यांतही खचलेली माणसे आहेत. त्यांनाही हे लागू आहे.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासनाच्या आधारावर चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, असेही त्याने सांगितले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चालू आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असला पाहिजे, हा त्यांतील एक. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी महाविद्यालयात जाऊन एवढेच विचारावे की, तो समुपदेशक कोण आहे, तो कोणत्या वारी बसतो आणि त्याच्या खोलीचे दार विद्यार्थ्यांना ठाऊक आहे काय? उत्तर न मिळाल्यास तो आंदोलनाचा विषय आहे.

त्याखेरीज काही कामे हाती घेण्याजोगी आहेत. महाविद्यालयात प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्याची रक्त, दृष्टी आणि वजनाची तपासणी व्हावी आणि तिची नोंद त्याच्या हाती असावी, ही मागणी विद्यापीठापुढे ठेवता येईल. २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले, हे स्वागतार्ह. पण खोलीभाडे आणि खानावळ माफ झाली नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी मुलींची वसतिगृहे आणि माफक दराची भोजनालये मागितली पाहिजेत. स्वच्छतागृहांची पाहणी मुलींनीच करावी आणि तिचा अहवाल फलकावर लावावा. एसटीची वेळ महाविद्यालयाच्या वेळेशी जुळवून घेण्यासाठी आगारात जावे, आणि जाताना कर्मचाऱ्यांच्या संघटनेला बरोबर घ्यावे.

आणि एक काम निधीवाचून होण्यासारखे आहे. साथी गप्प झाला, बैठकीला येईनासा झाला, वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याच्याकडे जावे. उपदेश करू नये, तुलना करू नये. काय होते आहे ते विचारावे आणि ऐकावे. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो हा समज चुकीचा आहे, उलट बोलल्याने भार हलका होतो. त्याला एकटे न सोडता सी.पी.आर. रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जावे. औदासीन्यावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. ती नशेची औषधे नव्हेत, आणि ती मनाने बंदही करू नयेत, हे घरच्यांना समजावून सांगावे. पुढच्या तपासणीलाही बरोबर जावे.

या वर्गाहून परतणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यातील एक महाविद्यालय निवडावे. तेथील भोजनाची, पाण्याची, स्वच्छतागृहांची, एसटीच्या वेळांची आणि समुपदेशकाची माहिती एका कागदावर लिहून काढावी आणि ती घेऊन विद्यार्थ्यांसह प्राचार्यांपुढे उभे राहावे. शाहू महाराजांच्या नावाने चौकाचौकांत पुतळे आहेत. त्यांच्या कामाची पुढची पायरी मात्र त्या एका कागदापासून सुरू होईल.